किंकाळी ऐकताना



आमच्या बहिणीची मुलगी नववीत शिकते. अभ्यासात बरी, वाचनाची आवड दांडगी. पण गेली तीन-चार वर्षे ती जयंतीच्या मिरवणुकीत येत नाही. डीजेची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की पोरगी मोरीत जाऊन बसते. कानांवर दोन्ही हात, डोळे गच्च मिटलेले, अंगाला दरदरून घाम. शेजारच्या बाया म्हणतात, "सगळी पोरं नाचतात, हिलाच काय होतं?" कुणी म्हणते, "लाडावून ठेवलीय." प्रस्तुत लेखकानेही तिला एकदा सुनावले होते, "बाबासाहेबांच्या नावाने एक दिवस सहन होत नाही का गं तुला?" तिने काही उत्तर दिले नाही. आज त्या बोलण्याची मला लाज वाटते. लाज का वाटते, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आमच्या वस्तीत रविवारी मुलांचा अभ्यासवर्ग चालतो. एका रविवारी मी अमेरिकेतील काळ्या लोकांच्या लढ्यावर बोललो. नुसते भाषण कंटाळवाणे होते, म्हणून मोबाईलला मोठा स्पीकर जोडून एक गाणे लावले. ते जॅझ संगीतातील निषेधाचे गाणे होते. त्यात शब्द नाहीत. एक बाई आणि एक ढोलवादक, एवढेच. मधल्या भागात ती बाई किंचाळते. एकदा नव्हे, मिनिटभराहून अधिक काळ ती किंचाळतच राहते.

काही मुले हसली. मागे बसलेले माझे वडील उठून बाहेर गेले. आणि भाची? तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती धावत व्हरांड्यात गेली आणि रडू लागली. मला वाटले, वर्ग फसला. पण रात्री जेवताना तिने विचारले, "मामा, ती बाई का ओरडत होती?" हसणाऱ्या मुलांपैकी एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता!

गाणे कुणाचे, कधीचे?

ही तबकडी १९६० सालची. नाव 'वुई इन्सिस्ट!', म्हणजे 'आमचा आग्रह आहे!'. पुढे जोडनाव 'फ्रीडम नाऊ सूट'. 'स्वातंत्र्य, आणि तेही आत्ताच' अशी ती मागणी. संगीत मॅक्स रोच या ढोलवादकाचे, शब्द ऑस्कर ब्राऊन ज्युनिअर यांचे आणि आवाज ॲबी लिंकन या गायिकेचा. अमेरिकेतील गुलामगिरी संपवणाऱ्या लिंकन यांच्या जाहीरनाम्याला १९६३ मध्ये शंभर वर्षे होणार होती. त्या निमित्ताने काही मोठे करावे म्हणून रोच आणि ब्राऊन यांनी काम सुरू केले होते. परंतु १९६० साल उजाडले आणि थांबायला वेळ उरला नाही.

त्या वर्षी १ फेब्रुवारीला नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ग्रीन्सबरो गावी चार काळे विद्यार्थी वुलवर्थ दुकानाच्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. ती जागा फक्त गोऱ्यांसाठी राखीव होती. त्यांना कॉफी मिळाली नाही, पण ते उठलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी अधिक विद्यार्थी आले आणि हे लोण गावोगाव पसरले. तबकडीच्या वेष्टनावर अशाच काउंटरवर बसलेल्या तीन काळ्या पुरुषांचे चित्र आहे. हॉटेलात वेगळ्या कपात चहा प्यालेल्या आपल्या वाडवडिलांना ते चित्र समजावून सांगावे लागले नसते.

त्याच वर्षी २१ मार्चला दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिल येथे पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार करून ६९ माणसे मारली. तबकडीतील शेवटचे गाणे त्यांच्यासाठी आहे. पुढे तिथल्या गोऱ्या सरकारने या तबकडीवर बंदी घातली.

आपला आणि या लोकांचा संबंध नवा नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांना त्यांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते. १९७२ साली आपल्या तरुणांनी 'दलित पँथर' हे नाव घेतले, तेही अमेरिकेच्या 'ब्लॅक पँथर'वरून. म्हणून त्यांची किंकाळी आपल्या मुलांनी ऐकावी असे मला वाटले होते. ती कशी ऐकवावी, याचा विचार मात्र मी केला नव्हता.

तीन भागांचे गाणे

ज्या गाण्याने भाची रडली त्याचे नाव 'ट्रिप्टिक', म्हणजे तीन जोडचित्रांचा संच. प्रार्थना, निषेध आणि शांती असे त्याचे तीन भाग. सगळे मिळून सुमारे आठ मिनिटे.

प्रार्थनेत ॲबी लिंकन नुसता स्वर लावते. कण्हल्यासारखा, दुरून हाक मारल्यासारखा. ती थांबली की ढोल उत्तर देतो. मग निषेध. ढोल धबाधबा सुरू होतो आणि ती किंचाळते. ही किंकाळी नाटकातली नाही. घसा फाटेल अशी आहे. त्यानंतर शांती. ढोल एका चालीवर येतो, तिचा श्वास ऐकू येतो आणि दमलेल्या आवाजात ती पुन्हा गाऊ लागते. रोच यांनी या भागांचा अर्थ सांगितला होता. निषेध म्हणजे कोंडलेला राग अखेर आवरेनासा होऊन बाहेर पडणे. आणि शांती म्हणजे जे करता येण्यासारखे होते ते सगळे करून झाल्यावर येणारा थकवा. अन्यायाशी तडजोड झाली असा तिचा अर्थ नाही.

ती बाई का ओरडत होती, याचे उत्तर मी भाचीला एका जुन्या पुस्तकातून दिले. फ्रेडरिक डग्लस हे गुलाम म्हणून जन्मले आणि पळून जाऊन स्वतंत्र झाले. १८४५ साली त्यांनी आत्मचरित्र लिहिले. लहानपणी पहाटे त्यांना जाग यायची ती मावशीच्या किंकाळ्यांनी. मालक तिला बांधून चाबकाने मारीत असे. ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा हा पोर इतका घाबरला की एका कोठडीत जाऊन लपला. आता माझ्याकडेच पाळी येईल असे त्याला वाटले. हाच पोर पुढे गुलामगिरीविरुद्धचा सर्वांत मोठा वक्ता झाला!

भाची म्हणाली, "म्हणजे तोपण लपला होता?" मी म्हणालो, "हो."

कान आणि किंकाळी

आता थोडे शास्त्र पाहू. मी बी. कॉम. झालेला कारकून, डॉक्टर नव्हे. पण या प्रकरणानंतर मिळेल ते वाचले, कानाच्या डॉक्टरांना विचारले.

आवाज मोठा असणे आणि आवाज खरखरीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण बोलतो तेव्हा आवाजाची पातळी सेकंदाला साधारण चार-पाच वेळा वर-खाली होते. किंकाळीत ती सेकंदाला तीस ते दीडशे वेळा होते. इतक्या जलद चढ-उतारामुळे आवाज कानाला खरखरीत, करवतीसारखा लागतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की ही खरखर जितकी जास्त, तितका आवाज लोकांना भीतिदायक वाटतो आणि मेंदूतील अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग तितका अधिक जागा होतो. धोका ओळखणे हे त्या भागाचे एक काम. धोक्याचे भोंगेही याच पट्ट्यात वाजतात. थोडक्यात, किंकाळी ऐकून दचकणे हा भित्रेपणा नाही. तान्हे मूल रडले की आई झोपेतून उठते, तशीच ही निसर्गाची योजना आहे.

पण काही माणसांना याहून जास्त त्रास होतो. त्यांचेही प्रकार आहेत.

एक प्रकार हायपरअक्युसिस. यात इतरांना सहज चालणारा आवाजही फार मोठा वाटतो, कधी प्रत्यक्ष दुखतो. भांडे पडले, कुकरची शिट्टी झाली की कानात कळ जाते. स्वमग्न मुलांमध्ये आवाज सहन न होणे बरेच दिसते. पण ज्याला आवाज सहन होत नाही तो प्रत्येक जण स्वमग्न असतो असे नाही.

दुसरा प्रकार मिसोफोनिया. हे नाव २००१ साली पुढे आले. यात आवाज मोठा असावाच लागत नाही. कुणी मचमच करत जेवले, नाक ओढले, पेनचे बटण टकटक केले, तरी अंगाचा तिळपापड होतो. अशा माणसाला या तबकडीत किंकाळीपेक्षा दुसरीच गोष्ट खुपण्याची शक्यता आहे. पहिलेच गाणे गुलामांवर देखरेख करणाऱ्या मुकादमाविषयी आहे. त्याचा ठेका पाच मात्रांचा आणि दर पहिल्या मात्रेवर ढोलाच्या कडेवर एक करकरीत फटका. तो चाबूक आहे. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. आपल्याला दोन मिनिटांत त्याची सवय होते. ज्याचे कान तसे आहेत त्याला होत नाही. विचार करा, ज्यांच्या पाठीवर तो खरोखर बसत होता, त्यांना तरी सवय कशी झाली असेल?

तिसरा प्रकार आमच्या घरातला. माझ्या वडिलांनी गिरणीत रिंग खात्यात वर्षे काढली. आज त्यांच्याशी हळू बोलले तर "काय?" म्हणतात आणि जरा जोरात बोलले तर "ओरडतोस कशाला?" म्हणतात. आम्हांला वाटायचे, म्हातारपणाचा हेका. डॉक्टरांनी समजावले की यंत्रांच्या गोंगाटाने आतल्या कानातील बारीक पेशी मेल्या की बारीक आवाज ऐकू येत नाही. पण आवाज थोडा वाढला की तो एकदम मोठा होऊन आदळतो. ऐकू येणे आणि सहन न होणे यांतले अंतरच कमी होते. त्या रविवारी वडील उठून का गेले ते मला तेव्हा कळले. गाण्याला विरोध म्हणून ते गेले नव्हते. गिरणीने त्यांच्या कानात तेवढी जागाच ठेवली नव्हती.

चौथा प्रकार मनाचा. ज्याने घरात मारहाण पाहिली, दंगल पाहिली, जळीत पाहिले, त्याला किंकाळी केवळ ऐकू येत नाही, ती त्याला मागे घेऊन जाते. आपल्या वस्त्यांत अशी माणसे कमी नाहीत. ती बोलत नाहीत, इतकेच.

दुसऱ्यांदा ऐकले

आठ-दहा दिवसांनी भाची स्वतःहून म्हणाली, "मामा, ते गाणं परत लावा. पण आवाज मी कमी-जास्त करणार."

या वेळी स्पीकर नाही. मोबाईल तिच्या हातात. दुपारची वेळ, दार उघडे. मी तिला आधीच सांगितले की पहिला भाग शांत आहे, मग किंकाळी येईल, ती एवढा वेळ चालेल आणि त्यानंतर नक्की थांबेल. तिने आवाज इतका कमी केला की शेजारच्या घरातली फोडणी त्याहून जोरात ऐकू येत होती. निषेधाचा भाग आला तेव्हा तिचे खांदे वर गेले, मुठी आवळल्या. पण ती उठली नाही. शांतीचा भाग सुरू झाला, श्वास ऐकू आला, तेव्हा तिनेही एक मोठा श्वास सोडला.

मी विचारले, कसे वाटले? ती म्हणाली, "त्या दिवशी दातांत कळ गेली होती. काही कळलंच नाही. नुसता आवाज लागला. आज गाणं ऐकू आलं." थोड्या वेळाने म्हणाली, "ती दमली ना, ते मला सगळ्यात जास्त आवडलं."

मी हे गाणे कितीदा ऐकले होते! पण माझे लक्ष नेहमी किंकाळीकडे. ती दमते, हे मी ऐकलेच नव्हते. मोठ्या आवाजात लावून मुलांना हलवून सोडायचे, एवढाच माझा विचार. रोच यांनी किंकाळीच्या आधी प्रार्थना ठेवली आणि नंतर शांती ठेवली, म्हणजे ऐकणाऱ्याला आत नेले आणि बाहेरही आणले. मी मात्र मुलांना काही न सांगता एकदम आत ढकलले होते.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. किंकाळीची ताकद तिच्या खरखरीत आहे, स्पीकरच्या बटणात नाही. म्हणून आवाज कमी केल्याने गाणे मिळमिळीत होत नाही. उलट दुखणे कमी होते आणि अर्थाला वाट मिळते.

मुकादमाच्या गाण्यात कोलमन हॉकिन्स या ज्येष्ठ वादकाच्या सॅक्सोफोनमधून एके ठिकाणी बारीकसा बेसूर आवाज निघाला आहे.  तो काढून टाकायला हॉकिन्स यांनी नकार दिला. अशा गाण्यात सगळेच बिनचूक असेल तर काहीतरी चुकले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मी ही गोष्ट सांगितली तेव्हा भाचीने ती जागा पहिल्याच वेळी पकडली. नाजूक कान म्हणजे नुसता अधू कान नव्हे, हे तेव्हा पटले.

हळू आवाजातला निषेध

निषेध म्हणजे मोठाच आवाज, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक उदाहरण पुरे. १९३९ साली न्यूयॉर्कच्या कॅफे सोसायटी या क्लबात बिली हॉलिडे यांनी 'स्ट्रेंज फ्रूट' हे गाणे म्हणायला सुरुवात केली. जमावाने ठार मारून झाडाला लटकावलेल्या काळ्या माणसांविषयीचे हे गाणे. लिहिणारे एबेल मीरोपोल न्यूयॉर्कमधील एक ज्यू शाळामास्तर. ते गाणे सुरू होण्यापूर्वी वेटर काम थांबवीत, दिवे मालवत. फक्त गायिकेच्या चेहऱ्यावर प्रकाश. गाणे संपले की अंधार, आणि त्यानंतर पुन्हा काही गायचे नाही. बाई हळू आवाजात गात. तरी त्यांच्या नेहमीच्या मोठ्या कंपनीने ते गाणे ध्वनिमुद्रित करायला नकार दिला आणि कमोडोर या छोट्या कंपनीने ते केले. त्या हळू आवाजाची सत्तेला भीती वाटली. डीजेच्या भिंतीची कुणाला भीती वाटल्याचे ऐकिवात नाही. तिचा त्रास होतो तो आपल्याच तान्ह्या मुलांना, आपल्याच म्हाताऱ्यांना.

घरी आणि वस्तीत काय करावे?

पहिली गोष्ट, मूल कानांवर हात ठेवते म्हणून त्याला हसू नका, मारू नका. त्याला विचारा, कुठला आवाज, कसा लागतो. त्रास नेहमीचा असेल तर सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दाखवा. तिथे ऐकण्याची तपासणी होते.

दुसरी गोष्ट, सवय व्हावी म्हणून जबरदस्तीने डीजेपुढे उभे करू नका. तसेच चोवीस तास कानात बोळेही घालू नका. सतत शांततेत राहिलेला कान आणखी हळवा होतो असे डॉक्टर सांगतात. मोठ्या आवाजापुरते कान झाकावेत, एरवी रोजचे आवाज ऐकू द्यावेत.

तिसरी गोष्ट, कार्यक्रमात असे गाणे किंवा अत्याचाराची चित्रफीत लावायची असेल तर आधी सांगा. काय येणार, किती वेळ चालणार, बाहेर जायचे असेल तर दार कुठे आहे. बाहेर गेलेल्याची टिंगल करू नका. कोण किती सोसून आले आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

चौथी गोष्ट मंडळांसाठी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. कायद्याच्या शिल्पकाराची जयंती कायदा मोडून साजरी होऊ नये, हे मी निराळे सांगायला नको.

आमच्या मंडळाच्या बैठकीत मी हा विषय मांडला. काही तरुण चिडले. "साहेब, वर्षातून एकदा!" म्हणाले. वाद झाला. शेवटी एवढेच ठरले की येत्या जयंतीला मिरवणुकीच्या पुढच्या भागात लेझीम आणि भीमगीते गाणारी मुले चालतील, डीजेची गाडी खूप मागे राहील आणि आमच्या गल्लीत ती येणार नाही. पूर्ण यश नाही, पण सुरुवात आहे.

ही बातमी भाचीला सांगितली. तिने विचारले, "पुढच्या भागात मी चालले तर चालेल?"

मी म्हणालो, "तुझ्यासाठीच ठेवलाय तो."